न झालेला ठराव

घरात तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने ती मुळीच मुंगीएवढी नव्हती, चांगली उंच होती. पण एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की लागली. लहानपणी घरातली एक कात्री हरवली होती, तर हिने सगळं घर उलथंपालथं करून ती शेजाऱ्यांच्या शिवणाच्या डब्यातून काढली होती. शेजारीण आजही तिच्याशी जरा जपूनच बोलायची.

मोठी झाल्यावर मुंगी एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत नकाशे काढायला लागली. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींच्या रेघा ओढल्यावर तिला वाटायला लागलं की इमारतींपेक्षा त्यांच्या मधल्या जागेतच जास्त गंमत आहे. माणसं चालतात, थांबतात, भांडतात, भेटतात ते तिथंच. मग तिने नोकरी सोडली आणि तिशी उलटल्यावर शहर नियोजनाच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. आईने कपाळावर हात मारला. बाबा म्हणाले, "शिकू दे. नाहीतरी ती थांबणार आहे थोडीच?"

घरात चौथं माणूस होतं ते म्हणजे आत्या. बाबांची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उभा जन्म गेलेला. गुडघे कुरकुरत होते, नजर मंदावली होती, पण आवाज असा खणखणीत की चार खोल्यांपलीकडच्या माणसाने 'हॅलो' म्हणावं.

सगळं सुरू झालं ते आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेताना. बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता चढाचा. अर्ध्यावर आत्याचा श्वास फुलला आणि ती एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर टेकली. दुकानदार लगेच बाहेर आला.

"आजी, जरा बाजूला बसता का? गिऱ्हाईकांची वाट अडतेय."

बाजूला बसायला काहीच नव्हतं. आत्या उठली आणि तशीच धापा टाकत दवाखान्यापर्यंत चढली. दवाखान्याच्या खुर्चीत बसल्यावर ती म्हणाली, "त्या दुकानासमोर पूर्वी बाक होतं. आम्ही तिघी मैत्रिणी सुटी झाली की तिथं बसायचो. साऱ्या रस्त्याने होती बाकं. कुठं गेली गं?"

नेमका त्याच सुमाराला शहराचा नवा विकास आराखडा प्रसिद्ध झाला होता. पुढच्या वीस वर्षांत शहर कसं असेल, याचा जाडजूड मसुदा. मुंगीने तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. गाड्या कुठं उभ्या राहतील यावर अख्खं प्रकरण होतं. चालणारं माणूस दमलं तर कुठं बसेल, यावर एक ओळ नव्हती. मुंगीने आपल्या प्रबंधाचा विषय तिथल्या तिथे ठरवला.

तिचे मार्गदर्शक सर सज्जन होते, पण त्यांच्या हातून निसटणं कठीण. त्यांनी विषय ऐकला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"विषय छान आहे. पुरावा काय?"

"सर, रस्त्यांवर बाकं होती हे शहरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत असलेली गोष्टच सिद्ध करायला सगळ्यात अवघड असते. आत्याबाईंच्या आठवणीवर प्रबंध उभा राहत नाही. कागद आण. सत्र संपेपर्यंत नाही मिळाला तर गाड्यांच्या पार्किंगवर लिही. त्याची आकडेवारी पोत्याने पडलीय."

झालं. मुंगी कामाला लागली.

महापालिकेच्या नियोजन अधिकाऱ्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि उत्तर मात्र दिलं नाही. तरुण, नीटनेटका माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. "रस्त्यावर बाकं? तसं धोरण आपल्याकडे कधी नव्हतंच. बागांमध्ये असतील." बागा विभागाने सांगितलं, कुंपणाच्या आतलं आमचं, बाहेरचं रस्ते विभागाचं. रस्ते विभाग म्हणाला, आमच्याकडे डांबर आणि खडी, फर्निचर नाही. अभिलेखागारात गेली तर तिथल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, महापालिकेचे कागद महापालिकेकडे. अशी चार ठिकाणी टोलवली गेल्यावर मुंगी मध्यवर्ती वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, शासकीय प्रकाशनांच्या विभागात जाऊन पोहोचली.

लांबच लांब दालन, खिडक्यांना निळसर काचा, जुन्या कागदांचा आणि खळीचा वास. वाचक म्हणून ती एकटीच. तिने तिथल्या संगणकावर 'बाक' असं टाकलं. उत्तरादाखल शाळांमधल्या बाकांच्या खरेदीचा अहवाल आला. 'बाकडे' टाकलं, तर शून्य. 'बसण्याची जागा' टाकलं, तर नाट्यगृहांच्या परवान्यांचे नियम. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता.

"काय मिळालं?" आईने विचारलं.

"शाळेतली बाकं आणि नाटकातल्या खुर्च्या."

"मग टेक की कशावर तरी. उभ्याने काय तोंड पाडून राहिलीस?"

आत्या मात्र हसली नाही. "तिथं तू कुणाशी बोललीस?"

"संगणकावर शोधलं ना."

"कुणाशी बोललीस, विचारलं मी."

"कुणाशीच नाही."

"उद्या मी येते," आत्या म्हणाली. "सगळा जन्म मी लोकांना हवा तो माणूस जोडून दिलाय. कागदही माणसाकडेच असतात, आपले आपण चालत येत नाहीत."

आई पुटपुटली, "वन्सं, तुम्हाला तिथं जिने चढावे लागतील." पण आत्याने दुसऱ्या दिवसाचे कपडे काढून ठेवलेसुद्धा.

वाचनालयात लिफ्ट होती, नशीब. तिसऱ्या मजल्यावर आत्या तडक दालनाच्या टोकाच्या टेबलाशी गेली. तिथं संदर्भ विभागाच्या प्रमुख बाई बसल्या होत्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, समोर अर्धवट चिकटवलेल्या पुस्तकाचा कणा. आदल्या दिवशी मुंगी त्यांच्या अगदी समोरून गेली होती, तेव्हा त्यांनी वर पाहिलंही नव्हतं.

"अहो बाई," आत्या म्हणाली, "आमच्या मुलीला बाकं हवीत."

बाईंनी डिंकाचा ब्रश खाली ठेवला. "बसायला की वाचायला?"

"दोन्हीला," आत्या म्हणाली आणि दोघी हसल्या. तिथंच काम निम्मं झालं.

बाईंनी मुंगीची सगळी हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या शब्दाने शोधताय. कचेरी कधी आपल्या शब्दांत बोलते का? तिला रस्त्यावरचा दिवा दिसत नाही, 'प्रकाशयोजना' दिसते. तेव्हा बाक शोधू नका. आधी विचार करा, हे काम कुठल्या खात्याने केलं असेल आणि कशासाठी. मग त्या खात्याचा शब्द आपोआप हाताला लागतो." त्या आत्याकडे वळल्या. "ही बाकं कधीची, आठवतंय?"

"मी नोकरीला लागले तेव्हा नवी कोरी होती. पहिल्याच पगाराच्या दिवशी हिरवा रंग कपड्यांना लागला. आईने घरी गेल्यावर नुसतं फैलावर घेतलं."

"वा! म्हणजे साल मिळालं." बाई उठल्या आणि आतल्या कपाटांतून त्या काळातल्या महापालिकेच्या वार्षिक प्रशासन अहवालांचा गठ्ठा ढकलगाडीवर घालून घेऊन आल्या. शहरात वर्षभरात काय काय झालं ते प्रत्येक खात्याने त्यात लिहून दिलेलं असे. असे खंड असतात हे महापालिकेच्या एकाही विभागाने मुंगीला सांगितलं नव्हतं. बहुधा त्यांनाच ते माहीत नसावं.

रस्ते विभागाच्या प्रकरणात काही नव्हतं. बागांच्या प्रकरणात गुलाबांच्या जाती होत्या. इमारत विभाग, वीज विभाग, सगळे कोरडे. मुंगी रोज वर्ग संपला की तिसरा मजला गाठायची आणि एकेक खंड संपवायची. आणि एके दुपारी, आरोग्य विभागाच्या प्रकरणात, डासांचा बंदोबस्त आणि लसीकरण यांच्या मधोमध तिला तीन ओळी दिसल्या. वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि आजारातून उठलेली माणसं यांच्या सोयीसाठी प्रमुख रस्त्यांवर 'पथविश्राम' उभारण्याचं काम चालू आहे. खाली प्रभागवार तक्ता.

आरोग्य विभाग! ज्या डॉक्टरच्या डोक्यातून हे निघालं असेल त्याला मुंगीने मनोमन नमस्कार केला. मग तिने आत्याला घरी फोन लावला.

"आत्या, सापडलं! त्याला पथविश्राम म्हणत होते!"

"काय म्हणत होते?"

"पथविश्राम."

"अगं बाई! एवढा शब्द उच्चारूनच माणूस दमेल. म्हणून बसायला लावत असतील."

आता हातात खरा शब्द होता. पुढच्या खंडांत तो दरवर्षी भेटत गेला. तक्ते वाढत गेले. मग एका वर्षी तक्त्यात नवा रकाना उगवला: 'जलवाहिनीच्या कामासाठी तात्पुरते हलविले'. दोन वर्षांत सगळेच आकडे त्या रकान्यात जाऊन बसले. त्यापुढच्या अहवालात तक्ताच नव्हता. पथविश्राम हा शब्द शहराने जणू टाकूनच दिला होता.

मुंगी प्रती घेऊन धावतच सरांकडे गेली. सरांनी त्या दोनदा वाचल्या आणि तिचा उत्साह एका वाक्यात जमिनीवर आणला.

"पथविश्राम म्हणजे बाकच कशावरून? शेड असेल. निवारा असेल. एखादी खोलीही असेल."

तिला राग आला. जिना उतरताना तिने मनात सरांना बरीच विशेषणं लावली. पण रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, हाच प्रश्न उद्या महापालिकाही विचारणार. सरांनी आधी विचारला, हे उपकारच.

बाईंनी यावर भूमापन कार्यालयाचं नाव सांगितलं. तिथल्या नकाशाघरात शहराचे जुने मोठे नकाशे होते, इतके मोठे की झाड न् खांबसुद्धा दिसावा. नकाशे सांभाळणारे गृहस्थ शिस्तीचे. पेन बाहेर, पिशव्या बाहेर, पाण्याची बाटली बाहेर. आत्याच्या हातातल्या रुमालाकडेही त्यांनी संशयाने पाहिलं. "हा माझ्या नाकासाठी आहे," आत्या म्हणाली, "तुमच्या नकाशांसाठी नाही." गृहस्थांनी रुमाल आत जाऊ दिला.

नकाशा भल्या मोठ्या टेबलावर पसरला. मुंगीने आयुष्यभर रेघा ओढल्या होत्या, त्या रेघा तिच्याशी बोलायला लागल्या. दवाखान्याच्या चढावर, कापडाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला तिला एक चिमुकला लांबट चौकोन दिसला. पुढे आणखी एक. चौकाच्या अलीकडे आणखी. काय आहे ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग तिने त्याच वर्षाच्या अहवालातला तक्ता बाजूला ठेवला आणि त्या प्रभागातले चौकोन मोजायला लागली. आत्या तक्त्यावर बोट ठेवून बसली.

"अकरा," मुंगी म्हणाली.

"अकरा!" आत्याने टेबलावर थाप मारली. नकाशे सांभाळणारे गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले.

दुसरा प्रभागही जुळला. तिसऱ्यात मात्र एक कमी भरलं. मुंगीने पुन्हा मोजलं, उलट बाजूने मोजलं, तरी एक कमीच. एक जरी चुकलं तरी सर म्हणणार, योगायोग. ती नकाशाच्या कडेकडेने नजर फिरवत राहिली आणि अगदी काठावर तिला चौकोनाचा तुकडा दिसला. अर्धाच. तिने त्या गृहस्थांना शेजारच्या भागाचा नकाशा मागितला आणि दोन्ही कागदांच्या कडा जुळवल्या. उरलेला अर्धा तिकडे होता. बाक दोन नकाशांच्या शिवेवर बसलं होतं.

"मिळाला!" मुंगी ओरडली. आता ते गृहस्थच जवळ आले. त्यांनी मोजपट्टी आणली, चौकोन मोजला, प्रमाण लावलं आणि म्हणाले, "लांबी तीन माणसं शेजारी बसतील एवढी. रुंदी फार तर हातभर. ही शेड नव्हे हो, बाई. हे बाकच."

सरांनी जुळलेले तक्ते पाहिले तेव्हा चष्मा काढला नाही. "पार्किंगचा विषय दुसऱ्या कुणाला तरी देतो," एवढंच म्हणाले.

प्रबंधाचं झालं. पण मुंगी तिथं थांबली असती तर ती मुंगी कसली? आराखड्यावर नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. तिने सूचना दाखल केली: रस्त्यांवरची बाकं परत आणा. जनगणनेच्या खंडांमधून तिने प्रभागवार साठीपुढच्या माणसांचे आकडे काढले, तेव्हाचे आणि आताचे. ज्या रस्त्यांवरून बाकं गेली होती, नेमकी तिथंच म्हातारी माणसं दुपटीने वाढली होती.

बाईंनी सगळं पाहिलं आणि पेन्सिल अंबाड्यातून काढून 'तात्पुरते हलविले' या रकान्यावर टेकवली. "ते म्हणतील, महापालिकेने ठराव करून काढली. तेव्हा काय सांगाल?"

"ठराव केलाच नसेल तर?"

"ते दाखवावं लागेल. 'आहे' म्हणायला एक पान पुरतं. 'नाही' म्हणायला अख्खं कपाट वाचावं लागतं."

मग अख्खं कपाट वाचायचं ठरलं. महापालिकेच्या सभांचे छापील वृत्तांत, बाकं हलवली तेव्हापासूनचे. आत्या भिंग घेऊन सूच्या वाचायची, मुंगी पानं. दोघींच्या मध्ये बाई येऊन जाऊन असायच्या. कुत्र्यांच्या परवान्यांवर किती भांडणं झाली, एका पुतळ्याचं तोंड कुठल्या दिशेला असावं यावर किती सभा गेल्या, हे सगळं आत्या रोज जेवताना रंगवून सांगायची. बाबांना ते इतकं आवडायला लागलं की ते घरी लवकर येऊ लागले. बाकं काढण्याचा ठराव मात्र कुठंच नव्हता.

आणि अशात एक खंड नाहीच असं निघालं. नेमका बाकं हलवल्यानंतरच्या पुढच्याच वर्षाचा. वाचनालयाची प्रत फार पूर्वी गहाळ झाली होती. महापालिका म्हणाली, आमची बांधणीला गेली आहे. कधी गेली ते कुणाला सांगता येईना.

मुंगी पहिल्यांदाच हबकली. सुनावणी तोंडावर आली होती. "एका खंडासाठी सगळं पाण्यात," ती म्हणाली. "त्यातच ठराव असला तर?"

"असला तर असला," आत्या म्हणाली. "आधी बघू तर. फोन दे इकडे."

आत्याची फोन करण्याची रीत वेगळी होती. 'तुमच्याकडे अमुक आहे का' असं ती कधीच विचारायची नाही, कारण त्याचं उत्तर 'नाही' असंच येतं. ती विचारायची, "त्या कपाटाजवळ कोण बसतं? त्यांना जरा जोडून देता?" विधी महाविद्यालय झालं, जुनं न्यायालय झालं, तीन वाचनालयं झाली. शेवटी बाईंना आठवलं की एके काळी महापालिकेला आपल्या वृत्तांताची एक प्रत विधिमंडळाच्या ग्रंथालयाला पाठवावी लागे. आत्याने तिथल्या कपाटाजवळच्या माणसाला गाठलं. तो फोन तसाच ठेवून आत गेला. आत्या रिसीव्हर कानाला लावून अशी ताठ बसली की जणू पुन्हा ड्युटीवर होती. बऱ्याच वेळाने तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"धूळ आहे म्हणाले," तिने रिसीव्हरवर हात ठेवून सांगितलं. "असू दे म्हटलं. धूळ आहे म्हणजे पुस्तक आहे."

बाईंनी वाचनालयाच्या नावे रीतसर पत्र पाठवलं आणि आठवड्याभरात त्या खंडाची शिक्क्यासह प्रत आली. मुंगीने ती उभ्या उभ्याच वाचायला घेतली. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर ती मटकन खाली बसली, मग पुन्हा उठली, मग तिने सगळ्या दालनाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बाईंना हाक मारली. बाईंनी ते पान वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या विभागात टाळी वाजवली.

सुनावणी महापालिकेच्या सभागृहात होती. तीन जणांची समिती, अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश बाई. सकाळपासून लोक येत होते, बोलत होते. कुणाला इमारत उंच हवी होती, कुणाला शेजाऱ्याची ठेंगणी. मुंगीचा क्रमांक आला, ती पुढे गेली. मागच्या रांगेत आत्या, आई, बाबा, सर आणि बाई एका ओळीत बसले होते. आईने दोन्ही मुठी आवळून धरल्या होत्या.

मुंगीने नकाशा लावला, तक्ते दाखवले, जनगणनेचे आकडे सांगितले. मग तो नीटनेटका नियोजन अधिकारी उठला.

"अध्यक्षमहोदया, अभ्यास चांगला आहे. पण वापर नसल्यामुळे महापालिकेने ही व्यवस्था बंद केली होती. तो धोरणात्मक निर्णय होता."

"ठराव क्रमांक?" अध्यक्षांनी विचारलं.

"तो शोधून सादर करू."

"मी शोधलाय," मुंगी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका तो स्थिर होता. "असा ठराव झालेला नाही. तेव्हापासून आजपर्यंतचा एकूण एक वृत्तांत वाचलाय."

"एकूण एक?" अधिकारी म्हणाला. तोही तयारी करून आला होता. "त्यातला एक खंड वाचनालयात नाही. आमच्याकडेही नाही. तो कसा वाचलात?"

मुंगीने पिशवीतून शिक्क्याची प्रत काढली आणि अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली.

"विधिमंडळाच्या ग्रंथालयातून मागवला. खूण केलेलं पान बघावं, मॅडम. एका सभासदाने प्रश्न विचारलाय की रस्त्यांवरून हलवलेले पथविश्राम पुन्हा कधी बसवणार? आणि प्रशासनाने उत्तर दिलंय."

अध्यक्षांनी पान डोळ्यांजवळ धरलं आणि मोठ्याने वाचलं: "जलवाहिनीचे काम पूर्ण होताच सर्व पथविश्राम मूळ जागी बसविण्यात येतील." त्यांनी चष्म्यावरून अधिकाऱ्याकडे पाहिलं. "काय हो, जलवाहिनीचं काम अजून चालूच आहे का?"

सभागृहात हशा उसळला. अधिकारीसुद्धा हसला, काय करणार? तो म्हणाला, "नाही, मॅडम. पाणी तर कधीच आलं."

"मग यात नवं धोरण हवंय कुठं? महापालिकेने शब्द दिला होता, तो पुरा करायचा राहिलाय. बाकं मूळ जागी बसवायची आणि जिथं म्हातारी माणसं वाढलीत तिथं जास्तीची द्यायची, असं आराखड्यात लिहून घ्या." अध्यक्ष मुंगीकडे वळल्या. "हे सगळं तुम्ही एकटीने वाचलंत?"

"नाही, मॅडम. सूच्या माझ्या आत्याने वाचल्या."

"कुठल्या खात्यात होत्या त्या?"

"टेलिफोन!" मागच्या रांगेतून उत्तर आलं, ते ध्वनिक्षेपकाशिवाय सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. शिपायाने 'शांतता' म्हणून पाहिलं, मग त्यानेही नाद सोडला. सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. आईने डोळे पुसले आणि लगेच शेजारच्या अनोळखी बाईंना सांगितलं, "माझी मुलगी."

बाहेर व्हरांड्यात नियोजन अधिकाऱ्याने मुंगीला गाठलं. "त्या नकाशाची एक प्रत मिळेल? आमच्याकडे नाही." मग जरा खालच्या आवाजात, "खरं सांगू, हे कुठं शोधायचं तेच आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं."

"तिसरा मजला," मुंगी म्हणाली. "पण बाईंना विचारा. संगणकावर शोधत बसू नका."

प्रबंधाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट प्रबंधाचा मान मिळाला. पण मुंगीला विचाराल तर खरा दिवस तो नव्हे. खरा दिवस आला पुढच्या वर्षी, थंडी ओसरल्यावर, जेव्हा महापालिकेची एक गाडी चढाच्या रस्त्यावर येऊन थांबली आणि मुकादमाने फोन करून विचारलं, "ताई, खुणेच्या जागा तुमच्याच नकाशात आहेत म्हणे. येता का दाखवायला?"

आत्याला त्या दिवशी दाढ काढायला जायचं होतं, त्यामुळे ती यायची नव्हती आणि त्याबद्दल सकाळपासून साऱ्या घराला बोल लावत होती. मुंगी एकटीच गेली. ती भर रस्त्यात नकाशा पसरून उभी राहिली आणि कामगारांना सांगू लागली, "जरा डावीकडे. अजून थोडं. बास, इथंच." येणारे जाणारे थांबून विचारत होते, काय चाललंय? ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होती आणि कंटाळत नव्हती.

पहिल्या बाकाच्या पायांभोवतीचं सिमेंट अजून ओलं होतं, तेवढ्यात खांद्यावर भलंमोठं पार्सल घेतलेला एक माणूस चढ चढून आला, त्याने बाकाकडे पाहिलं आणि कुणी काही म्हणायच्या आत तो त्यावर बसला.

"अहो, उठा, उठा! ओलं आहे!" मुकादम ओरडला.

"एक मिनिट हो," तो घाम पुसत म्हणाला. "जरा दम खाऊ द्या."

मुकादमाने मुंगीकडे पाहिलं.

"बसू द्या," ती म्हणाली. आणि नकाशाची घडी घालून पुढच्या बाकाच्या जागेकडे चालू लागली.